डॉ. समीरा मूसा : कॅन्सरचा इलाज गोरगरिबांना परवडावा म्हणून झटलेली शास्त्रज्ञ

इजिप्तच्या अणुशास्त्रज्ञ डॉ. समीरा मूसा यांचं नाव निघालं, की बहुतेक वेळा चर्चा त्यांच्या मृत्यूचीच होते. अपघात होता की घातपात, यावर लोक तासन्‌तास बोलतात. पण अवघ्या ३५ वर्षांच्या आयुष्यात ही मुलगी कशाच्या मागे लागली होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. तेच आज पाहूया.

समीराचा जन्म ३ मार्च १९१७ रोजी इजिप्तच्या घर्बिया प्रांतातल्या एका खेड्यात झाला. ती लहान असतानाच तिच्या वालिदांना कॅन्सरने गाठलं आणि त्यात त्यांचा इन्तेकाल झाला. घर सावरण्यासाठी आणि मुलीच्या तालिमीसाठी वडील कैरोला आले. हुसैन भागात त्यांनी एक छोटं हॉटेल चालवायला घेतलं. मुलीला शिकवून काय करायचं, असं म्हणणारे तेव्हाही होते. वडिलांनी त्यांचं ऐकलं नाही.

कैरोत समीरा ज्या मुलींच्या शाळेत शिकली, ती नबविया मूसा नावाच्या बाई चालवत होत्या. इजिप्तमध्ये मुलींच्या शिक्षणासाठी लढणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव अग्रभागी आहे. या शाळेत विज्ञानाची प्रयोगशाळा नव्हती. त्यासाठी समीरा दुसऱ्या शाळेत जाणार, असं कळल्यावर नबविया बाईंनी आपल्याच शाळेत प्रयोगशाळा उभी केली, असं सांगतात. एका मुलीसाठी आलेली ही प्रयोगशाळा पुढे सगळ्याच मुलींच्या कामी आली.

१९३४ मध्ये फ्रान्समध्ये मेरी क्युरी वारल्या, तेव्हा समीरा १७ वर्षांची होती. ज्या रेडियमने क्युरीबाईंना जगभर नाव दिलं, त्याच्याच किरणांनी त्यांचं रक्त पोखरलं होतं. म्हणजे एकच गोष्ट इलाजही करते आणि जीवही घेते. समीराने पुढे आयुष्यभर अभ्यासासाठी हाच विषय धरला.

१९३५ मध्ये ती कैरोच्या विद्यापीठात विज्ञान शाखेत दाखल झाली आणि १९३९ मध्ये पहिल्या वर्गात पदवी घेऊन बाहेर पडली. तिला शिकवायची जागा द्यायची वेळ आली तेव्हा विरोध झाला, कारण तोवर तिथे बाईमाणसाला ती जागा मिळालीच नव्हती. विज्ञान शाखेचे डीन अली मुस्तफा मुशर्रफा हे स्वतः मोठे भौतिकशास्त्रज्ञ. ते आपलं पद पणाला लावून तिच्या पाठीशी उभे राहिले आणि समीराची नेमणूक झाली. पुढे ब्रिटनमध्ये जाऊन त्यांनी किरणोत्सर्गावर संशोधन केलं. एक्स-रेचा निरनिराळ्या पदार्थांवर काय परिणाम होतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

किरणं शरीरात करतात तरी काय?

हे समजलं की समीरा यांचं वेड समजतं. एक्स-रे किंवा गॅमा किरणं शरीरातून जाताना पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात. जी पेशी झपाट्याने वाढत असते, तिला हा मार जास्त बसतो. कॅन्सरची गाठ म्हणजे भराभर वाढणाऱ्या पेशींचाच गोळा. म्हणून नेम धरून किरणं सोडली की गाठ मरते. आजूबाजूच्या चांगल्या पेशींनाही थोडी इजा होते, पण त्या बऱ्याचशा सावरतात. त्यांना सावरायला वेळ मिळावा म्हणूनच रेडिएशन एकदम न देता रोज थोडं थोडं, काही आठवडे देतात.

मात्रा चुकली तर हेच उलटतं. कातडी भाजते, केस गळतात, हाडातला मगज रक्त बनवेनासा होतो. काही वेळा वर्षानुवर्षांनी कॅन्सरच होतो. १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीत हे साऱ्या जगाने पाहिलं. त्यानंतर अणू म्हणजे बॉम्ब, हेच लोकांच्या मनात बसलं. समीरा यांनी मात्र शास्त्रज्ञांना एकत्र बोलावून अणूचा वापर अमनासाठी व्हावा म्हणून परिषद भरवली. त्या दवाखान्यांमध्ये कॅन्सरच्या रुग्णांसाठी विनामोबदला काम करत. त्यांची इच्छा साधी होती. किरणांचा इलाज ॲस्पिरिनच्या गोळीसारखा स्वस्त आणि सहज मिळणारा व्हावा. आईला जे मिळालं नाही, ते दुसऱ्याच्या आईला मिळावं.

पुढे फुलब्राइट शिष्यवृत्तीवर त्या अमेरिकेला गेल्या. तिथेच राहण्याचा प्रस्ताव आला, पण त्यांना परत मायदेशी जायचं होतं. ते झालं नाही. ५ ऑगस्ट १९५२ रोजी कॅलिफोर्नियात त्यांची मोटार उंचावरून खाली कोसळली आणि त्या जागीच मरण पावल्या. जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी इजिप्तमध्ये क्रांती झाली होती. नव्या देशाला त्यांची गरज होती. घातपाताचा संशय आजही घेतला जातो, पण पुरावा समोर आलेला नाही. म्हणून त्यावर अंदाज बांधत बसण्यापेक्षा त्यांचं काम आठवणं बरं.

आपल्या घरापर्यंत

त्यांनी पाहिलेलं स्वप्न आपल्याकडेही थोडंफार उतरलं आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने भाभाट्रॉन नावाचं रेडिएशनचं यंत्र देशातच बनवलं. परदेशी यंत्रांपेक्षा ते स्वस्त पडतं. नाशिक जिल्ह्यात लासलगावला याच केंद्राने २००२ मध्ये उभारलेल्या प्रकल्पात कांद्यावर गॅमा किरणं सोडतात. वाढणारा कोंब थांबतो आणि कांदा टिकतो. तत्त्व तेच, वाढत्या पेशीला रोखण्याचं. आणि कांदा काही किरणोत्सर्गी होत नाही.

माणसाचंही तसंच आहे. बाहेरच्या मशीनने रेडिएशन घेतलेला रुग्ण घरी आला, तर त्याच्या अंगातून किरणं बाहेर येत नाहीत. त्याच्या ताटात जेवायला किंवा नातवंडाला त्याच्या मांडीवर बसवायला काहीच हरकत नाही. तरीही आपल्या कितीतरी घरांत अशा रुग्णाची भांडी वेगळी ठेवली जातात, आणि कितीतरी आया या भीतीनेच इलाजाला उशीर करतात. समीरा यांच्या आईच्या वेळी इलाजच हाताशी नव्हता. आज तो आहे. तेव्हा गाठ दिसली की वेळ न दवडता दवाखाना गाठा, आणि घरातल्या लेकीने विज्ञान घ्यायचं म्हटलं तर समीराच्या वडिलांसारखं तिच्या पाठीशी उभे राहा.