वऱ्हाडचे नाटककार श्रीपाद कृष्ण कोल्हटकर

बोलपट आणि आकाशवाणी यांचा उदय होण्यापूर्वी नाटक ही महाराष्ट्रातील लोकांची मोठी करमणूक होती. पडदे, पोशाख व वाद्ये घेऊन नाटक मंडळ्या गावोगाव फिरत. वऱ्हाडात त्या काळी कापसाचा व्यापार भरभराटीस आलेला होता. त्यामुळे अमरावती, अकोला, खामगाव अशा गावी या मंडळ्यांचे मुक्काम पडत. १९०५ साली पहिले मराठी नाट्यसंमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदाचा मान अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांना मिळाला. रसिकांच्या या वऱ्हाडाने मराठी रंगभूमीला एक थोर नाटककारही दिला. ते म्हणजे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर.

श्रीपाद कृष्णांचा जन्म २९ जून १८७१ रोजी नागपूर येथे झाला. अगदी बालपणी पक्षाघाताचा झटका येऊन त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि उच्चारांतही दोष राहिला. अशा मुलाला नाटकाचा छंद लागावा, हे नवलच होते! त्यांचे शालेय शिक्षण बुलढाणे व अकोला येथे झाले. नाटकाची गोडी पुढेही कायम राहिली; परंतु रंगभूमीवर उभे राहून बोलणे त्यांच्या नशिबी नव्हते. आपल्या व्यंगाबद्दल खेद करीत बसण्याऐवजी त्यांनी लेखणी हाती घेतली. आपले शब्द आता इतरांनी बोलावेत, असे त्यांनी ठरविले.

पुण्यास महाविद्यालयात शिकत असता त्यांचा वाङ्मयाचा व्यासंग वाढला. त्या वेळी किर्लोस्कर नाटक मंडळी ही महाराष्ट्रातील अग्रगण्य संस्था होती. तिचे संस्थापक अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली निवर्तले होते. पुराणातील कथा आणि संस्कृत नाटकांची रूपांतरे प्रेक्षकांच्या चांगल्या परिचयाची झाली होती. मंडळीला नव्या नाटकांची गरज होती. १८९६ साली या मंडळीने श्रीपाद कृष्णांचे ‘वीरतनय’ रंगभूमीवर आणले. नाटककार अवघा पंचवीस वर्षांचा, आणि वकिलीची परीक्षा अजून व्हावयाची होती!

‘वीरतनय’चे कथानक कोठूनही उसने घेतलेले नव्हते, ते लेखकाच्या कल्पनेतून निर्माण झाले होते. त्यातील पदांना पारशी-गुजराती रंगभूमीवरील चालींचा नवा साज होता. संवादांत चतुर कोट्या व विनोद यांची रेलचेल होती. हे नवे वळण प्रेक्षकांना आवडले. पुढे ‘मूकनायक’ नाटकात त्यांनी मद्यपानाचे दुष्परिणाम दाखविले, तर ‘मतिविकार’मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाचा प्रश्न हाताळला. बालगंधर्वांसारख्या नटांनी त्यांच्या नाटकांतून भूमिका केल्या.

मंडळीचे नाव महाराष्ट्रभर गाजत होते, पण तिचा हा नाटककार मात्र वऱ्हाडातच राहिला. अकोला, खामगाव व जळगाव-जामोद येथे त्यांनी वकिली केली. दिवसा कचेरीतील कामकाज आणि उरलेल्या वेळात लेखन, असा त्यांचा क्रम असे. ‘सुदाम्याचे पोहे’ या लेखांतून सुदामा, बंडूनाना व पांडुतात्या यांच्याकरवी त्यांनी समाजातील खुळ्या समजुतींना हसत हसत चिमटे काढले. मराठी विनोदी लेखनाचा पाया त्यांनीच घातला. महाराष्ट्राचे गौरवगीतही त्यांनी रचले. ज्योतिर्गणितासारख्या कठीण विषयावरही त्यांनी ग्रंथ लिहिला.

त्यांच्या नाटकांत दोष नव्हते असे नाही. कोट्यांच्या भरात कधी कथानक मागे पडे, तर कधी गुंतागुंत वाढून प्रेक्षक गोंधळत. काळ पालटला, तशी त्यांची पुढची नाटके पूर्वीसारखी रंगली नाहीत. परंतु त्यांनी दाखविलेल्या वाटेने दुसरे पुढे गेले. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानीत. शिष्याची नाटके गुरूच्या नाटकांहून अधिक लोकप्रिय झाली. वि. स. खांडेकर यांनीही त्यांच्यापासून स्फूर्ती घेतली.

१९२७ साली पुण्याच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद देऊन महाराष्ट्राने त्यांचा गौरव केला. १ जून १९३४ रोजी त्यांचे निधन झाले.

ज्यांना स्वतः स्पष्ट बोलता येत नव्हते, त्यांचे शब्द किर्लोस्कर मंडळीच्या नटांनी गावोगावच्या रंगभूमीवरून महाराष्ट्राला ऐकविले. नाटक मंडळीचा प्रपंच केवळ पुढे दिसणाऱ्या नटांवर चालत नाही. दूर वऱ्हाडात, दिव्याच्या उजेडात लिहीत बसलेला असा एखादा लेखकही त्या मंडळीचाच घटक असतो.