भांडी धुता धुता लागला शोध! कॉलेजची पायरीही न चढलेल्या ॲग्नेस पॉकेल्स यांची गोष्ट

रात्रीची जेवणं झाली की खरकट्या पाण्यावर तेलाचा तवंग येतो. आपण तो रोज बघतो आणि पाणी मोरीत ओतून देतो. जर्मनीतल्या एका मुलीनं मात्र तो तवंग नीट निरखला. तिचं नाव ॲग्नेस पॉकेल्स.

त्यांचा जन्म 1862 चा, इटलीतल्या व्हेनिसमधला. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. त्यांची तब्येत बिघडली आणि 1871 मध्ये कुटुंब जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला आलं. ॲग्नेस यांना विज्ञानाची भारी ओढ, पण तेव्हा मुलींना विद्यापीठात प्रवेशच नव्हता. पुढे दार थोडं उघडलं, तर घरचे नको म्हणाले. घरकाम आणि आजारी आई-वडिलांची सेवा यातच आयुष्य गेलं. धाकटा भाऊ फ्रिट्झ पदार्थविज्ञान शिकला, तोच बहिणीला पुस्तकं पुरवायचा.

विशीतच त्यांनी पत्र्याचं पसरट भांडं पाण्यानं काठोकाठ भरलं आणि वर पत्र्याची पट्टी आडवी ठेवली. पट्टी सरकवली की तवंगाची जागा कमी-जास्त व्हायची. तराजूला बटण टांगून ते पाण्यावरून उचलायला किती जोर लागतो, हे त्या मोजायच्या. जागा ठरावीक मर्यादेखाली गेली की पाण्याचा ताण झपकन उतरतो, हे त्यांच्या लक्षात आलं. कारण तिथे रेणू एकमेकांना खेटून, एकाच पदरात, आपोआप ओळीनं उभे राहतात.

दहा वर्षं कुणी दखल घेतली नाही. शेवटी जानेवारी 1891 मध्ये त्यांनी इंग्लंडचे शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं. रॅले यांनी ते स्वतःच्या नावावर खपवलं नाही. 'नेचर'कडे पाठवलं आणि मार्चमध्ये ते ॲग्नेस यांच्याच नावानं छापून आलं.

त्याच पद्धतीचं भांडं पुढे अमेरिकेच्या अर्व्हिंग लँगम्युअर यांनी वापरलं. 1932 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या विद्यापीठानं 70 वर्षांच्या ॲग्नेस यांना मानद डॉक्टरेट दिली. 1935 मध्ये त्या गेल्या.

आज शास्त्रज्ञ असाच एक रेणू जाडीचा थर धातूच्या इलेक्ट्रोडवर चढवतात. थर पातळ असला की विजेचे कण सहज पार होतात, जाड असला की अडतात. या विद्येची एक सुरुवात त्या स्वयंपाकघरातली.