डॉ. पंजाबराव देशमुख : पदवी आणि तिची फेड

वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या ओसरीपर्यंत विद्या आणून पोचविणारे पुरुष म्हणून डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख यांचे नाव आपल्या घाटंजी तालुक्यातील लहानथोरांस परिचित आहे. त्यांच्या नावापूर्वी लागणारी डॉक्टर ही उपाधी मात्र वैद्यकीची नव्हे, याची अनेकांस कल्पना नसते. ती त्यांनी कशी संपादिली व पुढे तिचा विनियोग कसा केला, एवढेच ज्ञातिबांधवांपुढे व त्यांच्या शिकत्या मुलामुलींपुढे ठेवावयाचे योजिले आहे.

भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात झाला. वडील शामराव व माता राधाबाई. घर शेतीवर चालणारे. कारंजा व अमरावती येथील शाळांतून शिकत ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले आणि १९२० साली विलायतेस निघाले. पाऊसपाण्यावर अवलंबून असलेल्या घराने मुलाला समुद्रापार पाठविणे म्हणजे काय, हे कापूस पिकविणाऱ्या वाचकांस सांगावयास नको. एडिंबरो विद्यापीठात ते एम. ए. झाले. संस्कृतातील संशोधनासाठी असलेली व्हान्स डनलॉप शिष्यवृत्ती त्यांस मिळाली. पुढे ते बॅरिस्टर झाले व ऑक्सफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेटही त्यांनी मिळविली.

ही पदवी इतर परीक्षांसारखी नसते. इतर परीक्षांत दुसऱ्याने शोधिलेले ज्ञान विद्यार्थ्याने उतरून दाखवावयाचे असते; येथे पूर्वी कोणी न सांगितलेले असे काही स्वतः शोधून प्रबंधरूपाने मांडावे लागते व जाणत्या परीक्षकांपुढे त्याचे समर्थन करावे लागते. त्यात वर्षांमागून वर्षे जातात. कुणब्याच्या घरातील या मुलाने वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास हा विषय घेतला. ज्या वाङ्मयाचे अध्ययन शतकानुशतके मोजक्या घरांपुरते राहिले, त्यावरील त्यांचा ग्रंथ १९३३ साली ऑक्सफर्डच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केला.

१९२६ साली ते परतले. एवढ्या विद्येवर मोठ्या शहरात सुखाने राहणे त्यांस कठीण नव्हते. परंतु त्यांनी अमरावती पत्करली. अमरावतीच्या अंबादेवीचे मंदिर अस्पृश्य बांधवांस खुले व्हावे म्हणून १९२७ साली झालेल्या चळवळीत ते अग्रभागी होते. त्याच वर्षी त्यांनी मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी जातीबाहेर विवाह केला. ज्ञातीच्या स्मरणिकेतही ही गोष्ट झाकून ठेवू नये असे मला वाटते. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असता त्यांनी शिक्षणासाठी कर वाढविला व सार्वजनिक विहिरी सर्वांस खुल्या केल्या. सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय चालविले. १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली आणि तिच्या शाळा-महाविद्यालयांतून विदर्भातील शेतकऱ्यांच्या पिढ्या शिकल्या. १९५२ ते १९६२ या काळात ते केंद्रात कृषिखात्याचे मंत्री होते. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्ली येथे त्यांचे देहावसान झाले.

१९६९ साली अकोला येथे कृषिविद्यापीठ झाले. त्यास आज त्यांचेच नाव आहे. तेथे कृषि अभियांत्रिकीतही डॉक्टरेट करिता येते. ज्या पदवीसाठी भाऊसाहेबांस समुद्र ओलांडावा लागला, तीसाठी घाटंजीच्या मुलास आता वऱ्हाडाबाहेरही जावे लागत नाही. यंत्रशास्त्रातील संशोधन म्हणजे केवळ कागद काळे करणे, असा कोणाचा समज असेल तर त्याने याच विद्यापीठात सिद्ध झालेली मिनी दाल मिल पाहावी. तूर विकून डाळ विकत आणणाऱ्या शेतकऱ्यास गावातच डाळ करून विकण्याची सोय त्या यंत्राने झाली.

आज आपल्या घरांतील मुले-मुली अभियांत्रिकीच्या पदव्या घेत आहेत. त्यांतील एखाद्याने पुढे संशोधन करण्याची इच्छा प्रकट करताच घरात प्रश्न उठतो, की अजून किती वर्षे? नोकरी केव्हा? मुलगी असेल तर लग्नाचा विषय आधी निघतो. हे प्रश्न खोटे नाहीत. घरावर कर्ज असते, धाकटी भावंडे असतात. आयुष्यभर शिक्षकी केलेल्या मजसारख्यास अशी काही मुले ठाऊक आहेत, की ज्यांची बुद्धी कमी पडली नाही, घरचा धीर कमी पडला. म्हणून वडीलधाऱ्यांस विनंती, की होतकरू मुलास अर्ध्या वाटेवरून माघारी बोलावू नये. शिष्यवृत्त्यांची चौकशी करावी व ज्ञातीने मिळून एकेका विद्यार्थ्याचा भार वाटून घ्यावा.

आणि जे डॉक्टर होतील त्यांनीही भाऊसाहेबांचा हिशेब ध्यानात ठेवावा. सहा वर्षे त्यांनी विलायतेत घेतली. त्यांची फेड मात्र ते पुढील एकोणचाळीस वर्षे करीत राहिले. आपल्या संशोधनातून एखादी विहीर, एखादे अवजार, एखादी शाळा सुधारली, तर गावाने धरलेला धीर वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.