नाताळ, गव्हाण आणि केडगावचा माळ

इथे इंग्लंडमध्ये डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो. घरोघरी दिव्यांच्या माळा लागतात आणि शाळेत मुलं येशूजन्माचं नाटक करतात. धर्मशाळेत जागा मिळाली नाही म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवावं लागलं, हा त्यातला मुख्य प्रसंग. तो बघताना मला दरवर्षी पंडिता रमाबाई आठवतात.

आनंदीबाई जोशींचं नाव आपल्या घरोघरी आहे. रमाबाईंचं नाव मात्र जरा अडखळतच घेतलं जातं, कारण त्यांनी धर्म बदलला. पण त्यांचं आयुष्य एकदा सलग वाचून बघा.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून आधी बायकोला आणि मग मुलीलाही संस्कृत शिकवलं. पुराणं सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी पायी फिरायचं. पुढे दुष्काळ पडला. घरात दाणा उरला नाही, झाडाचा पाला खाऊन दिवस काढले. वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याच काळात एकामागून एक गेले. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. मग भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधवींशी लग्न झालं, तेही दोन वर्षांच्या आत कॉलऱ्याने गेले. पदरात वर्षाचीही न झालेली मनोरमा होती.

१८८३ मध्ये लेकीला घेऊन त्या इंग्लंडला आल्या. इथल्या वाँटेज गावात, जोगिणींच्या मठात राहून, त्याच सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण गुरूंपुढे मान तुकवून गप्प बसणाऱ्या त्या नव्हत्या. पटेल तेच मानायच्या. शाकाहार त्यांनी परदेशातही सोडला नाही. १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथे गावोगाव भाषणं दिली, पुस्तक लिहिलं, विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढे ते पुण्याला आलं. मुली ख्रिस्ती होतात अशी ओरड झाली आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारखे पाठीराखेही दूर झाले. तो राग आणि ते दुःख दोन्ही बाजूंना खरं होतं.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. ज्या भुकेने आई-वडील नेले तीच भूक पुन्हा दारात आली होती. रमाबाईंनी प्रार्थना केली आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. अनाथ मुली, तरुण विधवा अशा सुमारे तीनशे जणींना त्या घेऊन आल्या. पण तेव्हा पुण्यात प्लेग होता. एवढ्या मुलींना शहरात ठेवता येईना. मग केडगावच्या उघड्या माळावर झोपड्या आणि तंबू उभे राहिले. गव्हाणीचा अर्थ मला इथे लागतो. जागा नाही म्हटल्यावर जी जागा होते, ती तीच. त्यातूनच 'मुक्ती' संस्था वाढली. गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे दीड हजारांहून जास्त मुली-बायका राहत होत्या. त्या शेती करत, विणत, छापखाना चालवत. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवायच्या.

त्यांची प्रार्थना कशी होती, हे त्यांच्या कामावरूनच कळतं. देवापुढे हात जोडायचे आणि मग त्याच हातांनी पोरींना भरवायचं. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणायला बसल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. तेव्हाही हे काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांनी डोळे मिटले. 'मुक्ती' आजही तिथे आहे.

आपण कुठल्याही धर्माचे असू. यंदा नाताळच्या सुट्टीत घरी फोन लावाल, तेव्हा आपल्या गावात कुणाला जागा नाही, कुणाच्या घरी चूल पेटत नाही, हेही जरा विचारा. आणि मग नुसतं हळहळू नका.

सर्वांना नाताळच्या मनापासून शुभेच्छा!