उलूग बेग : समरकंदचे विद्वान शासक

आकाश, सूर्य, चंद्र व तारे यांच्या निर्मितीवर चिंतन करण्याचे आवाहन पवित्र कुरआन मानवाला करतो. नमाजच्या वेळा, किबल्याची दिशा आणि महिन्याचा आरंभ यांमुळे खगोलशास्त्र मुस्लिम समाजात उपासनेशीही जोडलेले राहिले. या परंपरेतील एक तेजस्वी नाव म्हणजे मिर्झा उलूग बेग.

तैमूरचे हे नातू १३९४ मध्ये इराणमधील सुलतानिया येथे जन्मले. पिता शाहरुख यांनी त्यांच्याकडे समरकंदचा कारभार सोपविला, तेव्हा ते अवघे पंधरा वर्षांचे होते. आजोबांनी देश जिंकले. नातवाने मदरसा उभारला आणि तेथे गणिताला व खगोलशास्त्राला मानाचे स्थान दिले. जमशीद अल-काशी, काजीजादा रूमी आणि अली कुशजी यांच्यासारखे विद्वान त्यांच्याभोवती जमले. काशींनी वडिलांना लिहिलेल्या पत्रांवरून दिसते की, उलूग बेग यांना कुरआनचा मोठा भाग मुखोद्गत होता आणि विद्वानांच्या चर्चेत ते स्वतः सहभागी होत.

पुढे समरकंदजवळच्या टेकडीवर वेधशाळा उभी राहिली. तेथील दगडी कमानीची त्रिज्या सुमारे ४० मीटर होती. त्यामुळे तिच्यावरील एक अंशही सुमारे ७० सेंटिमीटर लांबीचा होई आणि सूर्याची उंची सूक्ष्मपणे मोजता येई. या परिश्रमांतून १४३७ च्या सुमारास ‘झीज-ए-सुलतानी’ हा ग्रंथ सिद्ध झाला. त्यात १,०१८ ताऱ्यांची स्थाने नोंदलेली आहेत. त्यांनी काढलेली नाक्षत्र वर्षाची लांबी आजच्या मापाहून एक मिनिटानेही चुकत नाही.

राजकारणात मात्र त्यांना यश लाभले नाही. १४४९ मध्ये पुत्र अब्दुल लतीफने बंड केले. पराभूत पिता हजयात्रेस निघाले असता वाटेतच त्यांची हत्या झाली. पुत्रही सहा-सात महिन्यांतच मारला गेला. वेधशाळा ओस पडून जमीनदोस्त झाली. तिची भूमिगत कमान १९०८ मध्ये उत्खननात सापडली.

परंतु ज्ञान गाडले गेले नाही. अली कुशजींनी ते इस्तंबूलला नेले. अठराव्या शतकात सवाई जयसिंह यांनी दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा व वाराणसी येथे वेधशाळा उभारल्या; मुघल बादशहा मुहम्मद शाह यांच्या नावे सिद्ध केलेल्या त्यांच्या कोष्टकांनाही उलूग बेग यांच्या ग्रंथाचा आधार होता.

मृत्यूनंतरही ज्यांचा सवाब चालू राहतो, अशा कर्मांत लाभदायक ज्ञानाची गणना होते. आपल्या मुलांसाठी घर-जमीन ठेवण्याची चिंता आपण वाहतो; ज्ञानाचा वारसा ठेवण्याची चिंताही तितकीच वाहिली पाहिजे.