कॅमेरा घडवणारा चित्रकार : बाबूराव पेंटर



तान्हा पोळा जवळ आला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी लाकडी बैलांची चाकं दुरुस्त व्हायला लागतात. बहुतेक मुलं बैल ओढत मिरवतात. एखादं मूल मात्र तो उलटा करून बघतं, की हे चाक बसवलंय कसं. अशा मुलासाठी आजचा हा चरित्रपाठ आहे. तो कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांचा. वर्गात जरूर वाचून दाखवा.

घरातली शाळा

बाबूराव कृष्णराव मिस्त्री यांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापूर इथं झाला. वडील लोहारकाम आणि सुतारकाम करायचे. तेच हात चित्रंही काढायचे, दगडात मूर्ती घडवायचे आणि हस्तिदंतावर कोरीवकामही करायचे. म्हणजे बघा, हातोडी आणि कुंचला या घरात शेजारी शेजारी होते. एक काम हलकं आणि दुसरं भारी, असा भेद तिथं नव्हता. चित्रकला आणि शिल्पकला बाबूराव स्वतःच्या मेहनतीनं शिकले.

चुलतभाऊ आनंदराव त्यांचे जोडीदार. 1910 नंतर या दोघांनी नाटकांचे पडदे रंगवून मोठं नाव मिळवलं. राजवाडा, अरण्य, रस्ता, काय हवं ते कापडावर उभं राहायचं. लोकांनी आडनाव बाजूला ठेवून त्यांना ‘पेंटर’च म्हणायला सुरुवात केली.

चित्र हलवायचं कसं?

1913 साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. फाळके यांनी त्यासाठी विलायतेहून कॅमेरा आणला होता. कोल्हापूरच्या या दोन भावांनाही चित्रपटाचं वेड लागलं. त्यांनी ठरवलं, आपला कॅमेरा आपणच बनवायचा.

हे किती अवघड होतं, ते समजून घेऊ या. मुलांना सांगताना इथं थोडं थांबा. चित्रपटाचा कॅमेरा म्हणजे एका सेकंदात अनेक फोटो काढणारं यंत्र. त्या काळी हँडल हातानं फिरवत, आणि सेकंदाला साधारण 16 चित्रं टिपली जात. हँडल अखंड फिरतं. फिल्मनं मात्र थांबत थांबत सरकायचं असतं. फिल्म थांबली की झडप उघडते, उजेड आत येतो, चित्र उमटतं. झडप मिटते आणि अंधारात एक दातेरी आकडा फिल्मच्या कडेच्या छिद्रांत शिरून तिला पुढच्या चित्रापर्यंत खाली ओढतो. पुन्हा थांबा, पुन्हा उजेड. हा मेळ जरा चुकला, फिल्म सरकत असताना झडप उघडी राहिली, तर चित्र फरकटतं. आकडा जोरात बसला तर छिद्रं फाटतात. गोल फिरणाऱ्या हँडलातून अशी थांबती चाल काढायची, हीच खरी कसोटी.

या खटपटीतच 1916 साली आनंदराव वारले. कॅमेरा अर्धवट होता. बाबूराव तेव्हा 26 वर्षांचे होते. पडदे रंगवून पोट चांगलं भरत होतं, त्यामुळे ते काम तिथंच सोडलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी सोडलं नाही. यंत्रकामात हात बसलेले शिष्य विष्णुपंत दामले यांना सोबत घेतलं आणि 1918 साली चालणारा कॅमेरा तयार झाला.

पडद्यावरचं यश

बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाचं बळ दिलं. 1920 साली ‘सैरंध्री’ प्रदर्शित झाला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. ‘सिंहगड’ (1923) मधल्या रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. आयुष्यभर पडदे रंगवलेल्या या माणसानं चित्रपटात मात्र सपाट पडद्याऐवजी उभे सेट आणले. 1925 च्या ‘सावकारी पाश’मध्ये सावकाराच्या कर्जात जमीन गमावलेला शेतकरी दिसतो. ही गोष्ट आपल्या कापसाच्या मुलखाला वेगळी समजावून सांगायला नको.

दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम हे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. पुढे 1929 मध्ये हे शिष्य बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. बाबूराव हळूहळू चित्रकला आणि शिल्पकलेकडे परतले. 16 जानेवारी 1954 रोजी त्यांचं निधन झालं. त्यांचे बहुतेक मूकपट आज उरलेले नाहीत. त्यांनी शिकवलेल्या माणसांचं काम मात्र आपण अजून बघतो.

पालकांसाठी दोन शब्द

घरातलं बंद घड्याळ मुलानं उघडलं की आपण आधी ओरडतो. हातकाम म्हणजे अभ्यासात मागे पडलेल्यांचं काम, असाही एक समज आहे. बाबूरावांच्या घरात तो असता, तर तो कॅमेरा झालाच नसता. निरुपयोगी झालेल्या वस्तू मुलांना खोलू द्या. मात्र विजेच्या वस्तू मोठ्या माणसांनी जवळ बसूनच हाताळायच्या, बरं का.

वर्गात करून पाहा : मान डोलावणारा बैल

1. जाड पुठ्ठ्याचा बैल कापा. डोकं वेगळं कापून मानेपाशी खिळ्यावर सैल बसवा.
2. सायकलच्या जुन्या स्पोकचा आस करा. चाकांच्या मधोमध तो उलट्या कमानीसारखा वाकवा.
3. चाकं आसाला घट्ट चिकटवा. सैल राहिली तर चाकंच फिरतील आणि आस जागचा हलणार नाही.
4. डोक्याच्या मागच्या बाजूला काडी बांधा. तिचं खालचं टोक वाकवलेल्या तारेवर टेकवा.

आता बैल ओढा. वाकलेला भाग वर आला की काडी उचलली जाते आणि बैल मान खाली घालतो. पहिल्या खेपेला काडी बहुधा घसरेल. का घसरली, ते मुलांनाच शोधू द्या. उत्तर लगेच सांगू नका.