घराघरांत तंबोरा पोहोचवणारे गायनाचार्य

आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत कधी नुसते कान देऊन बसावे. निम्मे शब्द गाण्यातले सापडतील. पाण्याचा विषय निघाला की कोणाची तरी पट्टी चढते. पार्किंगवरून दोन विंगांचे सूर जुळत नाहीत. एक जण बोलला की शेजारचा त्याची री ओढतो, कोणी दरवर्षी तेच तुणतुणे वाजवतो, आणि शेवटी अध्यक्ष कशीबशी चर्चा समेवर आणतात. चहा-बटाटेवडा झाला की भैरवी! बोलणाऱ्यांपैकी गाणे शिकलेले किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत.

गाणे असे बोलण्यात मुरलेले, पण गाणाऱ्याला मात्र समाजात फारसा मान नव्हता. सव्वाशे वर्षांपूर्वी मुलाने गवई व्हायचे म्हटले की मध्यमवर्गीय घरात सुतकी कळा यायची, मुलीचे तर नावच नको. आज आपल्याच बिल्डिंगमध्ये संध्याकाळी दोन-तीन घरांतून सा रे ग म ऐकू येते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. हा बदल आपोआप झाला नाही. त्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांचे चरित्र रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने थोडक्यात सांगावे, असे मनात आले.

विष्णुबुवांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 चा, कुरुंदवाडचा. मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावचे म्हणून पलुसकर. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. म्हणजे सूर आणि ताल घरात होतेच, पण ते देवाच्या सेवेसाठी. पोटासाठी मुलाने इंग्रजी शिकावे, एवढीच अपेक्षा. पण लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात तोंडाजवळ फटाका उडाला आणि डोळ्यांना कायमची इजा झाली. उपचारासाठी त्यांना मिरजेला नेले. दृष्टी पुरती सुधारली नाही. शाळेची वाट बंद झाली, आणि मग गाण्याची वाट धरली.

मिरजेत त्या वेळी पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची ख्याल गायकी महाराष्ट्रात आणून रुजवणारे ते हेच. त्यांचे गुरू वासुदेवबुवा जोशी, आणि वासुदेवबुवांचे गुरू हस्सू खाँ. मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने विष्णुबुवा बाळकृष्णबुवांकडे बरीच वर्षे शिकले. तेव्हाचे शिकणे म्हणजे गुरूच्या घरची पडेल ती कामे करायची, आणि गुरूची लहर लागेल तेव्हा मिळेल ते कानात साठवायचे. वही नाही, पुस्तक नाही, अमुक वर्षांत अमुक येईल अशी हमी तर नाहीच.

1896 च्या सुमारास त्यांनी मिरज सोडली. त्यामागे एक प्रसंग सांगतात. गावातल्या एका समारंभाचे आमंत्रण संस्थानिकांचा माणूस म्हणून विष्णुबुवांना आले, पण प्रत्यक्ष गुरूंना आले नाही, कारण ते पडले गवई. विद्येत जो सगळ्यांत मोठा, त्यालाच दाराबाहेर ठेवायचे, हे त्या तरुणाच्या मनाला फार लागले. पुढचे सगळे आयुष्य त्या एका सलाचे उत्तर शोधण्यात गेले म्हणा ना!

मग सुरू झाली भ्रमंती. औंध, सातारा, बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, पंजाब. दरबारात गाऊन बिदागी घ्यायची, ही तेव्हाची रीत. सौराष्ट्रात बुवांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. आज आपण सवाई गंधर्वचे तिकीट काढतो तेव्हा त्यात विशेष काही वाटत नाही. पण त्या काळी ही केवढी मोठी गोष्ट! राजाची मर्जी सांभाळण्यापेक्षा चार-आठ आणे देणाऱ्या शंभर श्रोत्यांवर विसंबायचे. आपल्या भाषेत सांगायचे तर एका सावकाराऐवजी शंभर सभासदांचे भागभांडवल.

याच विचारावर 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उभे राहिले. कुठे कुरुंदवाड, कुठे लाहोर! ना नात्याचे कोणी, ना भाषेचे. सुरुवातीला विद्यार्थी मिळेनात. तरी बुवांनी शाळा बंद केली नाही. हळूहळू मुले आली. वर्ग, वेळापत्रक, अभ्यासक्रम, परीक्षा, हे सगळे त्यांनी गाण्यात आणले. चिजा लिहून ठेवण्यासाठी स्वतःची स्वरलेखन पद्धती बसवली, पुस्तके छापली, मासिक काढले. निराळी पद्धती बांधणारे पं. भातखंडे त्यांचे समकालीन. त्यांचा भर शास्त्रावर, विष्णुबुवांचा प्रसारावर. ख्यालांमधले शृंगारिक शब्द बदलून बुवांनी तिथे भक्तीचे शब्द घातले, तुलसीदास-सूरदासांची भजने मैफलीत आणली. पत्नीला आणि घरातल्या स्त्रियांना गाणे शिकवले, बायकांसाठी वेगळे वर्ग चालवले.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. गाणे असे सोवळ्यात आणताना, ज्या उस्तादांच्या घराण्यांनी आणि गाणाऱ्या बायकांनी ते शेकडो वर्षे जपले, त्यांच्याकडे नव्या मध्यमवर्गाने पाठ फिरवली, अशी टीका अभ्यासक करतात. ती अगदीच खोटी नाही. बुवांची स्वतःची गायकीसुद्धा शेवटी हस्सू खाँच्याच घरातून आलेली. हे ऋण आपण विसरू नये.

1908 साली बुवा मुंबईला आले आणि विद्यालयाचा पसारा वाढला. विद्यार्थ्यांना ठेवून घेऊन, जेवूखाऊ घालून शिक्षक तयार करायचे. सोबतीला छापखाना आणि वाद्यांचा कारखाना. सँडहर्स्ट रोडला विद्यालयाची स्वतःची इमारत बांधली, तीही कर्ज काढून. मी सारा जन्म बँकेत काढला, त्यामुळे चरित्राचा हा भाग मी नेहमी जरा वेगळ्या नजरेने वाचतो. फी अगदी कमी, बरेच विद्यार्थी फुकट, आणि हप्ते फेडायचे बुवांच्या जलशांतून. म्हणजे सगळी परतफेड एका माणसाच्या गळ्यावर! असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी तो मंजूर केला नसता, हे प्रांजळपणे सांगतो. व्हायचे तेच झाले. कर्ज थकले, 1920 नंतरच्या चार-पाच वर्षांत इमारत लिलावात गेली.

बुवा नाशिकला रामनामाच्या आश्रमात रमले. घरीही दुःखच होते. बहुतेक मुले बालपणीच गेली, एकटा दत्तात्रेय राहिला. पण कणा वाकला नव्हता. 1923 च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये वंदे मातरम् गायला अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी हरकत घेतली, तरी बुवांनी ते पूर्ण गाऊनच खाली बसण्याचे केले. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेतच त्यांचे निधन झाले. वय अवघे 59.

हिशेब तोट्यात मिटला, असे कोणीही म्हणेल. पण लिलावाच्या यादीत जमीन येते, इमारत येते, सामान येते. शिष्य येत नाहीत. ओंकारनाथ ठाकूर यांनी काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे शिक्षण उभे केले. विनायकबुवा पटवर्धनांनी 1932 मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. बा. र. देवधरांनी मुंबईत शाळा काढली, तिथे कुमार गंधर्व तयार झाले. नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात गेले आणि 1930 च्या दांडीयात्रेत चालले. आजही सगळीकडे जी रामधून म्हणतात, तिची चाल विष्णुबुवांचीच मानली जाते. मुलगा दत्तात्रेय म्हणजे द. वि. पलुसकर. वडील गेले तेव्हा दहा वर्षांचा. वडिलांच्याच शिष्यांनी त्याला घडवले. तोही 1955 मध्ये, चौतिसाव्या वर्षीच गेला, पण त्याची भजने आजही पहाटे लावली जातात.

बुवा गेले त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आपली मुले प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा ज्या परीक्षांना बसतात, त्या याच मंडळाच्या. परीक्षा जवळ आली की एकच अलंकार तासन्‌तास घोकला जातो, हे मान्य. वरच्या मजल्यावरचे बेसूर पेटीवादन दुपारच्या झोपेच्या आड येते, हेही मान्य. वेळेचा काही नियम जरूर ठरवावा. पण क्लबहाऊसची खोली गाण्याच्या वर्गाला द्यायची की नाही, हा विषय पुढच्या सभेत येईल तेव्हा भाड्याचा आकडा ठरवण्यापूर्वी सभासदांनी सँडहर्स्ट रोडची ती इमारत एकदा आठवावी, एवढीच विनंती.